आवसेचं पाणी

बाबा, आज रोह्यात नातीच्या शाळेत भांडून आले. लेकीला कंपनीत शिफ्ट असते, म्हणून पालकांच्या बैठकीला मीच जाते, आणि गेल्यावर गप्प बसणं काही मला जमत नाही. शाळेच्या भिंतीवर चंद्रकोर रंगवलीय आणि तिच्या दोन टोकांच्या मधोमध चांदणी. मी म्हटलं, कोर दिसते तेवढाच चंद्र नसतो, उरलेला काळोखात असतो. त्याच्या आरपार चांदणी दिसेल कशी? मुख्याध्यापक बाई हसून म्हणाल्या, "आजी, लेखी अर्ज द्या." घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि तुमच्यापाशीच अडकले.

पेणच्या खाडीकाठची आपली शाळा. भिंतीवर गुरुजींनी ठळक लिहिलेलं, समुद्राला उधाण फक्त पौर्णिमेला येते. मी पाचवीत होते. घरी मी ते वाक्य मोठ्याने पाठ करत होते आणि तुमचा भाताचा घास हातातच राहिला. आदल्याच वर्षी आवसेच्या उधाणाने बांध फोडून आपल्या शेतात खारं पाणी घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चिखलाच्या पायांनी वर्गाच्या दारात उभे. "गुरुजी, पाणी आवसेला पन तेवढंच चढतं. उद्या बांध या पोरांनाच राखायचाय. त्यांना अर्धंच नका शिकवू." गुरुजी म्हणाले, "मला वरून आलंय तसं मी लिहिलंय. पेणच्या ऑफिसात अर्ज करा." मी लाजून मान खाली घातली होती.

तुम्हाला लिहिता येत नव्हतं. "लिव गो," म्हणालात आणि ओटीवर बसून सांगत गेलात. मी लिहिलं, तुम्ही खाली अंगठा उठवलात आणि पेणला चालत गेलात. तीन हेलपाटे घातलेत. महिन्याभराने शाळेत काय आलं, तर छपराची कौलं. "अर्ज दिला उधानाचा, आली कवलं," तुम्ही म्हणालात. "सरकारचं काय कळत नाय." मग कागदाचा नाद सोडून तुम्ही बांधाखाली एक खुंट ठोकलात. अष्टमीला, भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, सगळ्या वर्गाला तिथे नेलंत आणि भरतीचं पाणी टेकलं तिथे चिंधी बांधलीत.

आवसेची भर दुपार. आम्ही बांधावर ओळीने उभे आहोत. पाणी चिंधीला लागतं, चिंधी बुडते, हळूहळू खुंटाचं नुसतं टोक उरतं. गुरुजी टोपी काढून वर बघतात. "पोरांनो, चंद्र आत्ता आपल्या डोक्यावरच आहे, सूर्याच्या जवळ. दिसत नाही इतकंच." न दिसणारा चंद्र एवढी खाडी उचलतो, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आज लिहितानाही येतोय. आणि हे मला दाखवलं ते सही न येणाऱ्या माझ्या बापाने. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतः भिंत पुसून नव्याने लिहिलं.

हा किस्सा मी बैठकीत नेहमी सांगते. ऑफिसने अर्जाचा घोळ घातला म्हणते, आणि सगळे हसतात. बाबा, घोळ ऑफिसचा नव्हता. गुरुजी माझ्यावर राग काढतील या भीतीने मी त्या अर्जात उधाणाचं नावही घेतलं नव्हतं. गळक्या छपराला कौलं द्या, एवढंच लिहिलं होतं. तुम्ही विश्वासाने त्याखाली अंगठा उठवलात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून नातीच्या जुन्या वहीत ठेवतेय. आजच्या अर्जात मात्र चांदणीचंच लिहिलंय. दोनदा वाचून पाहिलं.