सवतीचा टाक

ता. १६ डिसेंबर १९३८, निपाणी
सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं पोचलो. घरी सांगितलं, तंबाखूचा मुलूख बघून येतो. आप्पांनी मान वर केली नाही. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून ते माझ्याशी भिंतीकडं बघून बोलतात.
बघायचंय ते एकच माणूस. इंदू. खासबागेतली आमची शेजारीण. वैशाखात इथल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला दिली. बिजवर. माझा वर्गमित्र बंडू त्याचा पुतण्या, त्याच घरात उतरलोय. बं.ला यातलं काही ठाऊक नाही. इं.ला एवढंच विचारायचं, येतेस का? हो म्हणाली तर दोघं मुंबईला. पुढचं पुढं.

ता. १७
बं.नं गाव फिरवलं. वखार, मग दुसरी वखार, मग आणखी एक. शिंकून डोकं फुटायची वेळ. तो म्हणतो, "लेका, निपाणी डोळ्यानं न्हाय, नाकानं बघायची." चहालाही जर्द्याचा वास.
दुपारी इं. वाढायला आली. वाळलीय. पाण्याच्या तांब्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. गळ्यात मंगळसूत्राजवळ चांदीचा बारका टाक, त्यावर बाईचा मुखवटा.
बं. नंतर म्हणाला, तो पहिल्या काकूचा, बाळंतपणात गेली तिचा. दुसरीनं तो घालायचा, रोज पहिला घास त्याला लावायचा, 'गोदाआक्का, जेवा' म्हणायचं, मग आपण खायचं. नाहीतर पहिली छळते. आणि लग्नात हिचं नावही गोदावरीच ठेवलंय. "हाक मारायची सवय मोडाय नको," म्हणाला. हसत होता. थोबाडीत द्यावीशी वाटली.

ता. १८
आज आमटी डाव्या हातानं वाढली. मी दचकलो. बं.ची आजी, म्हणजे इं.ची सासू, समोरच होती. वाटलं, आता बोलणी बसणार. म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आमची गोदा डावरीच हाय."
इं. डावरी नाही. तिच्या उजव्या हातची चपराक मी खाल्लीय, गेल्या वर्षी, आगाऊपणा केला तेव्हा.

ता. १९
परसात एकटी सापडली. तंबाखूची पानं झटकत होती. विचारलं एकदाचं. इंदू, येतेस का?
"कोण इंदू?"
म्हटलं सोंग पुरे. आवाज चढला माझा. ती पानं झटकतच राहिली.
"ती व्हय. आलती वैशाखात. लई रडायची. आता न्हाय रडत." मग वर बघून, "पाव्हणं, तुमास्नी ऊन लागलंय. ताक देऊ?"
ताक प्यालो. काय करणार.
भीतीपोटी बोलली असणार. घरात भिंतींना कान. अजून एकदा विचारायचं.

ता. २१, येळ अमावस्या
सगळं घर गाडीतून शेतावर. आज रानात जेवायचं. भाकरी, भज्जी, कडबू. कापलेली तंबाखू जमिनीवर वाळत पडलेली, तपकिरी, लांबपर्यंत. माणसं झोपल्यासारखी. आजीनं पिकावर आंबील शिंपडली, रिवाजाप्रमाणं सगळे ओरडले, मीही.
बायका बांधाखाली जेवायला बसल्या. मी मुद्दाम जवळ, बैलांना पाणी दाखवायचं निमित्त. तिनं उजव्या हातानं टाक धरला, डाव्यानं घास लावला. ओठ हलले. मला स्वच्छ ऐकू आलं.
"इंदू, जेव गं."
मग स्वतः खाल्लं. चवीनं.
बैल पाणी पिईनात. की मीच बादली उचलून धरली होती, कोण जाणे.

ता. २२
बं.ला सगळं सांगितलं. मारामारी होईल म्हणून बाह्या सारूनच बसलो होतो. तो म्हणाला, "मलाबी कळलंय. दसऱ्यापासनं. परवा तर माझ्या लहानपणीची एक गोष्ट काकूनं सांगितली. ती घडली तवा ही खासबागेत होती."
मग कुणाला बोलला का नाहीस?
"कुणाला बोलू? काका हसाय लागलाय. आजी दोन घास जास्त खातीया. सगळ्यांस्नी गोदाकाकूच पायजे होती रं."
आणि इंदू? तिचं काय?
त्यानं तोंड फिरवलं. "ती कुणालाच नको होती न्हवं. तिच्या घरच्यांस्नीबी. तू तरी कवा आलास? आता."
हात उठला होता. खाली घेतला.

ता. २३
संध्याकाळी ती आपण होऊन आली, ओसरीवर, दिवा लावायला. आजी आतच. टाक गळ्यातनं काढून तळहातावर ठेवला.
"तुमची असंल तर न्या. गळ्यात हालती सारखी."
मी हात पुढं केला नाही. विचारलं, नेली तर परत येईल का ती, होती तशी?
"ते मला काय ठावं. मी काय तशी आले का?" मग जरा हळू, "पर न्यायची तर सगळीच न्या. घास तुमी लावायचा. रोज."
सकाळपर्यंत सांगा म्हणाली. टाक गळ्यात घालून आत गेली. आजीनं हाक मारली, गोदा. लगेच ओ दिली.
मी मुंबईला एक बाई घेऊन जायला आलो होतो. टाक नेला तर इथं गोदा मोकळी, कायमची. ठेवला तर इंदू अशीच, दुसरीच्या गळ्यात, दुसरीच्या हातचं खात. आणि नेऊन तरी मी तिला

ता. २४
मोटार आठला. बं. ट्रंक घेऊन पुढं गेलाय. ती दारात उभी आहे, कधीची, टाक तळहातावर घेऊन. माझं धोतर अजून वाळायचंय.