बिनमाणसाच्या नावेचं कपाळ

आबा, घाटावर सगळ्यात आधी कोण आलं असंल? लष्कर न्हाई. आपली शेजारीण, काखंत प्लास्टिकची खुर्ची घिऊन! म्हणं, मला समोरून बघायचंय. तिच्यामागून बिलोलीच्या रस्त्यानं धुरळा उडवीत लष्कराच्या दोन गाड्या आल्या, आन् त्यातून उतरली माझी नात, तुमची पणती. पुण्याला शिकून इंजिनियर झाली, आन् तिनं नाव बनवलीय. बिनमाणसाची. वल्हं न्हाई, नावाडी न्हाई. आपली आपण गोदावरीत जाती, पाणी किती खोल, तळाला गाळ हाय का खडक, समदं मोजून परत येती. मी इचारलं, "लष्कराला कशाला गं हे?" तर म्हणली, "आजी, पलीकडं शत्रू असला तर जवान पाण्यात उतरायच्या आधी ही जाणार. बुडली तर मशीन बुडंल, माणूस न्हाई."

आबा, मला तिथंच तुम्ही दिसलात. पूर ओसरला की नावेची पहिली खेप तुम्ही एकटे न्यायचा. तुम्ही बांबू खुपसून तळ चाचपडताय, आन् इकडं माय चुलीपुढं बसलीय, तव्यावर भाकर करपून राहिलीय तरी तिला भान न्हाई. परत आल्यावर तीच करपलेली भाकर तुम्ही हसत खायचा. माय मातर हसायची न्हाई.

तर काय सांगत होते? हां. नात म्हणली, "आज ही चालली तर पुढं जाईल, न्हाई तर तीन वर्षांचं काम पाण्यात." आन् मला तुमची चापट आठवली. सात वर्षांची असंन मी, कुंकू न लावताच नाव ढकलली होती. "कोरड्या कपाळानं पाण्यात जायाची का ती?" म्हणून एक ठिवून दिली होती तुम्ही. म्हणून नातीची पाठ फिरली तशी गेले मी. नावेच्या तोंडावर गोल काचेचं कपाळ होतं, त्याला हळद-कुंकू कालवून चांगलं जाड लावलं.

नाव सुटली. दहा हात गेली, थांबली, गर्रकन फिरून काठाला परत. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. शेजारीण खुर्चीतनं म्हणती, "अगं बाई, नव्या नवरीवानी माहेराकडंच पळून राहिलीय ही!" समदे हसले, मोठे साहेब घड्याळ बघू लागले. नात खाली बसून तारा चाचपती, पुटपुटती, "पुढचं दिसलं न्हाई की घरी यायचं शिकवलंय हिला. पण दिसंना का?"

"साहेब, मी लावलंय," म्हणून मी पुढं झाले, लाल बोटं दावली. "मला वाटलं कपाळ हाय."

साहेब निघाले लातूरकडचे, आपली बोली कळणारे. वाकून बघितलं त्यांनी. "आजी, हा तर डोळा आहे तिचा!"

नातीला हसावं का रडावं कळंना. मी पदर ओला करून काच पुसाय लागले, तर साहेब म्हणतात, "आधी यांना कपाळ दाखवा, मग सोडा नाव." नातीनं मागचं झाकण दावलं, तिथं मी कुंकवाचं बोट लावलं. आन् आबा, अशी गेली! पलीकडच्या काठाला टेकली, उभी-आडवी फिरली, आन् सारा तळ इकडं पडद्यावर, निळा न् पिवळा. साहेबांनी नातीचा हात हातात घिऊन हलवला. "आता पुरात बघू," म्हणले. पोरगी माझ्या गळ्यातच पडली.

तुम्हाला वाचता येत न्हवतं, आन् माझं तिसरीपर्यंतचं अक्षर. हे कुठं धाडायचं न्हाई, म्हणूनच खरं लिवते. नाव पहिल्यांदा फिरली तव्हाच मला उमगलं होतं, आबा, की हे माझ्या कुंकवानंच झालंय. मी हात पदराखाली घातला. म्हणलं, नावेच्या मोटारीवर जाऊ दे आळ. पोरीचा चेहरा बघवंना तव्हाच हात भाईर काढला. तिला वाटतं आजी लगेच बोलली, आन् मी ते तसंच राहू दिलंय. पोळा झाल्यावर पहिल्या सोमवारी, नदीला पूर असंल तव्हा, परत येतो म्हणून गेलेत समदे.