मिलिंदचा गोल

लातूर, रविवार, संध्याकाळ

आज मिलिंद आला आणि गेलाही. माझा पाठचा भाऊ, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच दिसला, तोही मैदानावर. लातूर जिल्हा झाल्यापासून कॉलेजांच्या फुटबॉलची फायनल पहिल्यांदाच इथं झाली. आमचं लातूर आणि त्याचं नांदेड, दोन्ही संघ यंदा एकदाही न हरलेले. आमचं लिहिलं खरं, पण माझं नक्की कुठलं?

हे इथल्या कॉलेजात शिकवतात, म्हणून आम्ही लातूरकरांतच बसलो. दुष्काळानं मैदानावर गवताची काडी ठेवली नाही. मिलिंद पडला, गुडघा सोलून निघाला, तरी उठून नांदेडला जिंकवणारा शेवटचा गोल त्यानंच मारला. आजूबाजूचे सगळे गप्प आणि मी एकटी टाळ्या वाजवतेय. ह्यांनी नुसतं पाहिलं माझ्याकडं.

मॅच संपताच मी तांब्या घेऊन धावले. गुडघ्यावर पाणी ओतणार, तोच त्यानं तांब्या तोंडाला लावला. इथल्या वसतिगृहात पाणी नाही म्हणून संघ लगेच परत निघाला होता.

"ताई, आई रोज तुझं विचारून राहिली. चल की संगं."

"टँकर कधी येईल नेम न्हाई रे. सासूबाईंना हंडे उचलत न्हाईत."

एवढंच बोलता आलं. एसटी सुटली. गुडघा तसाच, मातीनं माखलेला. धुवायचा राहूनच गेला.

वाटेत हे म्हणाले, "पुढल्या साली फायनल नांदेडला हाय. जाऊ आपण मॅच बघायला."

मी मान हलवली. मॅच कशाला? मला नुसतं आईच्या दारात बसायचंय.