बाबांच्या आठवणी सिंक होत आहेत

४ फेब्रुवारी, सकाळ
काल बाबा आले. आई गेल्यापासून एकटेच असतात; आता महिनाभर राहणार. उभा जन्म दीपगृहाचा दिवा सांभाळण्यात गेला, आणि आमच्या जिन्यातला बल्ब गेलेला म्हणून वर येताना दोनदा ठेचकाळले. सोसायटीच्या सेक्रेटरीला कळवायला हवं.

पुढच्या महिन्यात त्यांच्या खात्यातल्या निवृत्त लोकांचं संमेलन आहे, बाबांच्याच दीपगृहाच्या आवारात. भाषणं होणार, शिवाय आठवणींची छापील पुस्तिका. बाबा बोलायला उत्साही, लिहायला आळशी. ताईने फोनवर विचारलं, लिहून कोण घेणार? मी म्हणालो, मी. ताईने 'तू?' असं दोनदा विचारलं. भारावली असावी.

विमा कंपनीत मी रोज लोकांच्या आगी आणि गळत्या रिपोर्टात बसवतो. बापाच्या आठवणी म्हणजे हातचा मळ.

५ फेब्रुवारी
आधी सिस्टिम, मग काम. बाबा कुठे कधी बोलायला लागतील याचा नेम नाही. टेबलावर लॅपटॉप, खिशात मोबाइल, सोफ्यावर टॅबलेट. एकीकडे टाइप केलं की तिन्हीकडे दिसलं पाहिजे. म्हणजे नोट्सचं चांगलं ॲप हवं, सिंक होणारं. दोन दिवसांत ठरवतो.
तोवर ही रोजनिशी कंपनीने वाटलेल्या फुकटच्या डायरीत. तात्पुरती.

७ फेब्रुवारी
पिवळं ॲप घेतलं. दिसायला झकास. चहा घेता घेता बाबा आपण होऊन सुरू झाले, "त्या मोठ्या वादळात दिव्याचं भिंग फिरायचं थांबलं, तेव्हा मी आणि तुझी आई..."
मी म्हणालो, एक मिनिट, थांबा. खातं उघडायचं होतं. ॲपने ओटीपी मागितला, मग पासवर्ड, मग ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडायला सांगितली. सिग्नलचा खांब धरायचा की नाही, हा गहन प्रश्न आहे.
मान वर केली तर कप रिकामा आणि बाबा फिरायला गेलेले.
हरकत नाही. पाया मजबूत हवा.

१० फेब्रुवारी
पिवळं बाद. फुकटात दोनच उपकरणं. तिसरं उपकरण म्हणजे माणसाची गरज आहे, चैन नाही, असं त्यांना कळवलं. उत्तर यंत्राने दिलं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, नुसतं लिहून घ्यायचंय ना? मोबाइलमध्ये आधीपासून असतं ते वापरा. या मुलाला व्हिजन नाही. शेवटी खनपटीला बसलो तेव्हा त्याने जांभळ्या ॲपचं नाव सांगितलं.

१२ फेब्रुवारी
जांभळं म्हणजे वेगळीच चीज. फोल्डरात फोल्डर. आज केलेलं काम: बाबा, त्यात समुद्र, त्यात वादळ, त्यात मोठं वादळ. प्रत्येकाला रंग. समुद्राला निळा देताना तीन निळे पाहिले.
मजकूर नाही अजून, पण ढाचा पाहून ऊर भरून आला. बाबांनाही दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "कपाट छान आहे."

१५ फेब्रुवारी
बायको फिजिओथेरपिस्ट. रोज संध्याकाळी बाबांच्या गुडघ्याचा व्यायाम घेते. पाय वर, पाय खाली, आणि बाबांची टकळी अखंड चालू. मधूनच दोघं खो खो हसतात. आज मी आत डोकावलो तर बायको डोळे पुसत होती. मी म्हटलं, काय सांगत होते? ती म्हणाली, बस ना इथे, ऐक.
असं कसं बसणार? टॅबलेट चार्जिंगला होता.
तिच्या ऐकण्याला काही पद्धत नाही. उद्या तिला विचारलं तर संदर्भासहित सांगता येईल का? मला येईल. सिस्टिम लागली की.

१८ फेब्रुवारी
आज अखेर सुरुवात! मोबाइलवर मथळा टाइप केला: 'बाबा'. लॅपटॉप उघडला तर तिथेही 'बाबा'. जादू! टॅबलेट मात्र म्हणाला, बाबांच्या दोन प्रती सापडल्या, कोणती ठेवायची? नवी ठेव म्हटलं. त्याने विचारलं, जुने 'बाबा' कायमचे काढून टाकायचे का? मी मोठ्याने वाचत 'हो' दाबलं.
बाबा समोरच पेपर वाचत होते. पेपर हळूच खाली झाला.
समजावून सांगितलं. हसले. पण दुपारी ताईचा फोन आला, की बाबांशी नीट वाग.

२१ फेब्रुवारी
टायपिंगच चुकीचं! माणूस बोलतो तर ॲपनेही ऐकायला हवं. हिरव्या ॲपला ऐकता येतं. बाबांना मोबाइलसमोर बसवलं. म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा बोला. ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले आणि बोलले, "तुझी. आई. भिंग. फिरवत. होती."
हिरव्याने लिहिलं: तुझी आई भांडी घासत होती.
बाबा म्हणाले, "तेही खरंच आहे म्हणा." मग उठून खिडकीशी गेले. बायकोने खूण केली की बस कर. मी सेटिंगमध्ये जाऊन भाषा तपासली.

२५ फेब्रुवारी
संमेलनाच्या चिटणिसांचा फोन. सगळ्यांचे मजकूर आले, फक्त बाबांचा राहिलाय. मी म्हणालो, फायनल फॉरमॅटिंग चालू आहे. त्यांनी परवापर्यंत मुदत दिली.
म्हणजे अख्खे दोन दिवस हातात. आज ॲप पक्कं करायचं, उद्या एका बैठकीत बाबांना बोलतं करायचं. वेग ही माझी ताकद आहे.

२६ फेब्रुवारी
पिवळं, जांभळं, हिरवं यांचा तुलनात्मक तक्ता केला. ऑफिसातही एवढा सुंदर तक्ता कधी जमला नव्हता. जांभळं जिंकलं. सगळ्या फोल्डरांसकट परत आणलं. तिन्ही उपकरणांवर एकाच क्षणी दिसलं. अंगावर काटा आला.
आता बाबा.

२७ फेब्रुवारी
बाबांचा घसा बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बोलायचं नाही.
ऐन वेळी असं व्हावं! यात माझा काय दोष?
बायको म्हणाली, मी सांगते, तू लिही, मला सगळं पाठ आहे. पण ते ऐकीव झालं. क्लेममध्ये सुद्धा आम्ही ऐकीव माहिती धरत नाही. तसं म्हणालो. त्यानंतर तिने माझ्याशी बोलायचंच बंद केलं, म्हणजे आता घरात दोघं गप्प.

५ मार्च
पुस्तिका आली. देखणी आहे. बाबांच्या पानावर फोटो, खाली नाव, त्याखाली 'मजकूर उपलब्ध होऊ शकला नाही'.
पान उघडून बाबांपुढे कसं धरायचं ते सुचेना. त्यांनीच पुस्तिका माझ्या हातातून घेतली. त्या पानाशी जरा थांबले आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." मग बाकीच्यांची पानं नेटाने वाचत बसले. एकेकाला फोन करून शाबासकीसुद्धा दिली.
रात्रीचं जेवण मला गेलं नाही. चूक कुठे झाली हे प्रामाणिकपणे शोधलं. ॲप उशिरा सुचवलं गेलं.

८ मार्च, संध्याकाळ
संमेलन झालं. दीपगृहाच्या पायथ्याशी खुर्च्या मांडल्या होत्या. वारा एवढा, की आधीच्या वक्त्याचे कागद कुंपणापलीकडे गेले. बाबांच्या हातात कागद नव्हताच. उठले, माइक बाजूला केला आणि सुरू झाले, "त्या मोठ्या वादळात भिंग फिरायचं थांबलं..."
हाच तो क्षण! मी मोबाइल काढला. जांभळ्याने मला साइन आउट केलेलं. पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला. कानावर तुकडे येत होते. याची आई... म्हणजे माझी... हातांनी भिंग ढकलत... पहाटेपर्यंत... दिवा एकदाही थांबला नाही... बायको माझ्या कानात म्हणाली, अरे, ठेव तो फोन, ऐक. मी म्हणालो, झालंच.
आणि मग बाबा माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले.
अख्खं आवार हसलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणी टाळ्या वाजवतंय. एक म्हातारे गृहस्थ मागून येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मीही हसलो. हात जोडले.

परतताना गाडीत बाबांनी हळूच विचारलं, "ऐकलंस ना नीट?"
मी म्हणालो, हो बाबा.
ते खूश झाले. सीटवर मान टेकून झोपले. उद्या सकाळच्या गाडीने घरी जाणार.
बायकोला विचारलं, ते माझ्याबद्दल काय म्हणाले गं? ती म्हणाली, तू तिथेच होतास की. आणि आत निघून गेली.
आता बाबांनाच विचारायचं, तर 'हो' म्हणून बसलोय.