निकाल लागलेला विषय पुन्हा उघडताना

मी, बद्रीनाथ गोविंद खांबेटे, वय ७६, निवृत्त न्यायालयीन कारकून, राहणार नारायण पेठ, पुणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्ध डॉक्टरांनी तपासली आहे. माझी स्वतःची खात्री मात्र मंगळवारपासून उरलेली नाही.

१. माझं आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात मुलगी अस्मिता हिला काही देऊ नये असं होतं, कारण २०१४ साली तिची आई सुहासिनी हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत असताना ती मांजरी गावाहून आली नाही. तासाभराचा रस्ता! दहाव्या दिवशी ती म्हणू लागली, "बाबा, तुम्हीच तर..." मी तोडलं. "रेस ज्युडिकाटा! रेस म्हणजे बाब, ज्युडिकाटा म्हणजे निकाल लागलेली. पुन्हा उघडायची नाही." कोर्टातलं लॅटिन मी घरात असंच चालवलं. मुलगा पुष्कर म्हणायचा, "बाबा, जेवताना तरी कोर्ट उठवा."

२. मंगळवारी कपाट आवरताना सुहासिनीची औषधांची वही सापडली. शेवटच्या पानावर तिचं अक्षर: "ह्यांनी आज अस्मिताला फोनवर सांगितलं, येऊ नकोस, आई बरी आहे. मला तिला बघायचं होतं. ह्यांच्यापुढे कोण बोलणार?"

अरे देवा, मीच! आणि मला आठवतसुद्धा नाही. 'नेमो ज्युडेक्स इन कॉझा सुआ.' नेमो म्हणजे कोणीही नाही, ज्युडेक्स न्यायाधीश, कॉझा खटला, सुआ स्वतःचा. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये. नव्या वकिलांना हे मी फुशारकीने समजावत असे. लाज वाटते.

३. फ्लॅट अस्मिता व पुष्कर यांना निम्मा-निम्मा. लॅटिन शब्दकोश पुष्करला; रद्दीत घातला तरी हरकत नाही. वरच्या मजल्यावरच्या नम्रताबाईंना काहीही नाही. त्यांच्या कुंड्यांचं पाणी रोज माझ्या गॅलरीत पडतं, तेवढं पुरे. अर्थात, त्यांचं म्हणणंही मी कधी ऐकलेलं नाही, हे आत्ता लक्षात येतंय.

४. काल अस्मिताला फोन केला. 'ऑडी आल्टेरम पार्टेम', ऐका, दुसरी बाजूही, असं काहीसं म्हणणार होतो. लॅटिन तोंडातून फुटेना. "बोल, मी ऐकतोय," एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "माझं राहू द्या, बाबा. आईला मला बघायचं होतं का, तेवढं सांगा."

सबब, औषधांची वही अस्मिताची. ती माझ्या मरणानंतर द्यायची नाही. उद्या सकाळी मी स्वतः मांजरीला नेऊन देणार आहे.

सही: बद्रीनाथ गोविंद खांबेटे

आमच्यासमोर वाचून सही केली, मध्ये दोनदा थांबले:
हिंदुराव जगताप, शेजारी
डॉ. वल्लरी आगाशे, शुद्ध तपासणाऱ्या

पुणे, १४ सप्टेंबर २०२५