न केलेल्या तक्रारीची हकिकत

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी तिच्या कुरकुऱ्याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा साष्टांग तूर्त उभ्याउभ्याच मानून घ्यावा.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे : मला काय धाड भरलीय! अक्षर एवढं ठळक काढलंय ती नव्या डोळ्याची ऐट समज.

तर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. उजवा म्हणजे भिंग लावून घड्याळं उघडायचा डोळा, म्हणजेच आमची चूल. तो गेला तर दुकानाला कुलूप, असं घरात कुणी बोललं नाही, पण सगळे माझ्याशी एकदम गोड वागायला लागले त्यावरून मी काय ते ओळखलं. ऑपरेशनचं काय सांगू, ताई! जन्मभर मी दुसऱ्याच्या कारागिरीला नावं ठेवली, पण ही बाई डोळ्याला एवढीशी चीर पाडते, आतलं गढूळ भिंग फोडून ओढून घेते, नवं घडी घालून आत सोडते, ते आत जाऊन आपलं आपण उलगडतं, आणि वर टाका नाही! मी जागा होतो. (जागा असून गप्प होतो, यावर हिचा अजून विश्वास बसत नाही.) घरी आलो तर स्वयंपाकघराची भिंत निळी. इतकी वर्षं राखाडी दिली म्हणून मी त्या रंगाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होतो! डोळ्यांत पाणी आलं, ते थेंबांमुळे असं सांगितलं.

आता पुढचं ऐक. डॉक्टरीणबाई संशोधन करतात : ऑपरेशननंतर कुणाला किती दिसतं, कुणाच्या डोळ्यात काय बिघडतं. मीही त्यात आहे. त्यासाठी एक सिस्टर नेमाने फोन करून त्रास विचारते. मी म्हटलं, थेंब घशात कडू उतरतात. लिहून घेतलं. म्हणाली, आणखी काही? ताई, अख्ख्या आयुष्यात मला "पुरे" सोडून दुसरं काही ऐकायला मिळालेलं नाही, आणि इथे ही पोरगी "आणखी काही?" म्हणते! मग काय, मी दवाखान्याचा कोमट चहा, बाकड्याचा डुगडुगणारा पाय, शेजाऱ्याचा रेडिओ, सगळं सांगितलं. तिनं तेही शांतपणे ऐकलं. घरात तिचं नावच पडलं, आणखीबाई.

तिच्याकडूनच कळलं की बाईंच्या हातचा एकही डोळा अजून बिघडलेला नाही, आणि हे सगळं बाई डॉक्टरांच्या मोठ्या सभेत मांडणार आहेत. माझा ऊर भरून आला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यात कडेला वीज चमकायला लागली. मग काळे ठिपके आले, काजळी झटकावी तसे. पण म्हटलं, एवढ्या देवमाणसाच्या कामाला आपल्यापायी बट्टा नको. फोन आला, तेव्हा म्हणालो, सगळं छान आहे. आणखी काही? काही नाही. चहा? उत्तम होता.

आणखीबाईनं फोन ठेवला तो थेट बाईंच्या खोलीत धावली : घड्याळकाकांची काहीच तक्रार नाही, नक्की काहीतरी बिघडलंय! अर्ध्या तासात मला रिक्षात घालून नेलं. बाईंनी माझ्या डोळ्याच्या आतला पडदा मोठा करून दाखवला. तांबूस, शिरांच्या नद्या वाहणारा एक मुलूख, आणि हे सगळं माझ्या आत, मला न विचारता, साठ वर्षं चाललेलं! त्याच्या कडेला एक फाट. अजून थोडे दिवस गेले असते तर पडदाच सुटला असता. त्यांनी तिथल्या तिथे लेझरनं फाटीभोवती तटबंदी घातली. डोळा वाचला.

मग मला झाडलं. म्हणाल्या, "काका, तुमच्यासारख्या जाड चष्मेवाल्यांचा पडदा असा फाटतो हे आम्हाला कसं कळलं? आधी कुठकुठल्या दवाखान्यांतल्या पेशंटनी 'चमकतंय' म्हणून सांगितलं, म्हणून. त्यातल्या काहींचा डोळा नाही वाचला." ताई, कोण कुठली माणसं ती! त्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत. त्यांनी आपलं दुखणं बोलून ठेवलं, आणि त्यावर आज माझं दुकान उघडं आहे. तेव्हापासून मला कुणाच्या कुरकुरीचा राग येत नाही. (स्वतःच्या कधीच येत नव्हता.)

कळावे, लोभ आहेच, तो ओरडण्यातून व्यक्त व्हावा.

तुझा,
कुरकुऱ्या

ता. क. : डाव्या डोळ्याचीही तारीख मिळाली आहे. मला भयंकर भीती वाटते. तू येऊन बाहेर बसशील का? ही आहेच, पण ती धीर देते. मला दरडावणारं माणूस लागतं.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा : वन्सं, नमस्कार. यांना भीतीबिती काही नाही, डाव्या डोळ्याची घाई तेच करताहेत. बाईंकडे त्याच दिवशी डोळे तपासायला तुमचंही नाव घातलंय, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही असं मला बजावलंय. मागच्या खेपेला तुम्ही चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवलात आणि हात ओला होता म्हणून निसटला म्हणालात. काचा यांनी उचलल्या. त्या दिवसापासून यांना घास गोड लागत नाही. हात कोरडा होता, वन्सं. या.