रिव्हर्सचा बझर कोण बंद करतं

सोम. ९ जून
सकाळी फोर्कलिफ्ट तपासली तेव्हा रिव्हर्सचा बझर नीट वाजत होता. जेवून आले, गाडी मागे घेतली, तर गप्प. मागची वायर निघालेली. आपोआप कशी निघेल? चांगली घट्ट क्लिप आहे. माझा संशय शिवराजवर. गोदामातला सगळ्यात जुना ऑपरेटर. बाई गाडी शिकते हे पहिल्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखतंय. "अक्का, पुढं जायला पण शिकवलंय ना?" सगळे पुरुष खिदळले.

मंगळ. १०
परत तेच. सकाळी वाजतो, जेवणानंतर मुका. गुपचूप वायर लावली. शनिवारी परीक्षा. पास झाले तर ऑपरेटरचं कार्ड, नाहीतर परत पॅकिंगच्या टेबलावर टेप मारत बसा. शि.ला तेच हवंय.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणे, "तुला सगळीकडं चोरच दिसतात." दिसतात. कारण असतात.

गुरु. १२
जेवणानंतर घाईत वायर बघायची राहिली. मागे घेतली आणि कडाड. पॅकिंगच्या लक्ष्मीअक्काचं स्टूल चाकाखाली. ती टेप आणायला उठली होती म्हणून वाचली. ट्रेनर ओरडले, "बझर नसला तर मान वळत नाही?"
गोदामाच्या मॅनेजर सरांनी विचारलं, कुणावर संशय? शिवराजचं नाव घेतलं, एका दमात. चौकशी होईपर्यंत त्याला घरी पाठवलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्र. १३
लक्ष्मीअक्कानं हात धुताना गाठलं. हळूच म्हणाली, "वायर मी काढत होते गं. तू मागं घेतलीस की ते वाजायचं, की हे सगळे हसायचे. मला बघवेना. स्वल्प, जरा शांतपणे शिकू दे म्हटलं."
"अगं, मेली असतीस."
रडायला लागली. मग म्हणे, "सरांना सांग, वायर सैल होती, आपोआप निघाली. शिवराज परत येईल. माझं पण काम राहील."
आणि माझं कार्ड? सैल वायर तपासली नाही म्हणून खापर माझ्यावरच. हिचं काम गेलं तर हिच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नाही, तेही माहीत आहे. तिचा भयंकर राग आला. माझाही.
बसमध्ये आठवलं, अक्का आणि शि. एकाच गावचे. त्याला वाचवायला तर नाही ना हे सगळं...

शनि. १४
परीक्षा पुढे ढकलली. सोमवारी सर मला, शि.ला आणि स्टूल तिचं म्हणून अक्कालाही समोरासमोर बसवणार. तिचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
आज बझर दिवसभर वाजला. शि. घरी, अक्का कबूल झालेली, त्यावरून काय ठरवायचं? पण मागे घेताना पुरुष हसले. शि. नव्हता तरी हसले.
दुपारी अक्कानं डबा पुढे केला, सारू-भात, तिच्या हातचं आंबट सार. पोट भरलंय म्हटलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.